आधी वाट लावा

नव्या साइटवर पाऊल ठेवलं की मुकादमांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आधी वाट लावा."

नवखा माणूस दचकतो. वाट लागते ती गाडीची, परीक्षेची, नाहीतर संसाराची. चांगल्या अर्थाने ती कुणाची लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि इथे हा ताडमाड माणूस, भुवयांत कायमचं बसलेलं सिमेंट घेऊन, गेटातून आत येता येताच सांगतोय की वाट लावा. एका ठेकेदाराने म्हणे त्यांना तिथल्या तिथे सुनावलं होतं, "ती माझ्या भागीदाराने कधीच लावलीय, तुम्ही बाकीचं बघा."

पाठीमागे सगळे त्यांना वाटलाव्या म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि आवडतंही, असा माझा संशय आहे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, माणूस दुकान लावतो, कपाटात कपडे लावतो, तशी वाट लावायची. लोकांनी चांगला शब्द नासवला, त्याला मी काय करू?

तर वाट म्हणजे काय ते सांगते. गेटापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून माल चढवायच्या लिफ्टपर्यंत, तिथून प्यायच्या पाण्यापर्यंत आणि संडासापर्यंत ते फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा मारतात. रेघांमधलं अंतर एवढं, की समोरून भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन बाई आली तरी आपल्याला अंग चोरावं लागू नये. त्या रेघांच्या आत काही ठेवायचं नाही. विटेचा तुकडा नाही, वायर नाही, जेवणाचा डबा नाही. आत्ताच्या साइटच्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी आपली मोटारसायकल रेघेच्या आत लावली. मुकादमांनी चौघांना बोलावलं, गाडी उचलली आणि वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवली, आरसे पुसून. ठेकेदार दुपारी बाहेर आला तेव्हा ती वर उभी होती, पुतळ्यासारखी. खाली उतरवायला त्याला पुन्हा तेच चौघं लागले.

फळ्यांचंही तसंच. स्लॅब पक्का झाला, खालचा लाकडी आधार काढला, की सगळीकडे फळ्या पडतात आणि त्यांतले खिळे वर तोंड करून वाट बघत बसतात. कुणाच्या टाचेची, एवढंच ठरायचं असतं. मुकादम अशा फळीला जागी फळी म्हणतात. जागी फळी जमिनीला टेकवायची नाही. हातात आहे तोवर खिळा उपटायचा, खिळा डब्यात आणि मग फळी खाली. त्याला ते फळी झोपवणं म्हणतात. त्यांच्या साइटवर बाया संध्याकाळी एकमेकींना विचारतात, "तुझ्या किती झोपल्या?" आणि बाहेरचा कुणी ऐकत असला तर त्याला वाटतं पाळणाघर आहे.

स्लॅबमधून वर आलेल्या सळयांच्या टोकांवर ते पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालतात, म्हणजे तोल जाऊन कुणी अंगावर पडला तर सळई आत शिरू नये. आणि रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी पंधरा मिनिटं सगळे भिंतीसमोर उभे. भिंतीवर कोळशाने आजचं काम: कोण कुठे, माल कुठून येणार, कुठे टेकणार, काढलेलं कुठे जाणार. जागा ठरली नसेल तर माल मागवायचा नाही.

मी या माणसाला पहिल्यांदा भेटले ती भांडायला. आमच्या संघटनेकडे तक्रार आली होती की एक मुकादम कामगारांना कामाआधी पाव तास उभं करतो आणि रोज झाडू मारायला लावतो. मी तरातरा गेले आणि त्यांना मालकाचा चमचा म्हणाले, चारचौघांत. ते म्हणाले, बाई, तुम्ही रेघेबाहेर उभ्या आहात, तुमच्या डाव्या पायाखाली बघा. बघितलं तर बांधायच्या तारेचा गुंता माझ्या चपलेत अडकलेला. मी चुकते हे मी वर्षातून एखाद्या वेळीच कबूल करते. त्या वर्षीचं तिथे खर्ची पडलं.

पण हे सगळं त्यांना आधीपासून येत होतं असं समजू नका. आणि मला सांगायचं आहे ते तेच.

सहा वर्षांपूर्वीही मुकादम टापटिपीचेच होते, पण नुसते टापटिपीचे. शिकवण एकच: दिसलं की उचल. त्यांच्या बायकोचा भाऊ, मीही त्याला मेहुणाच म्हणते, त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकला आणि हे वाक्यही शिकला. तेव्हा बत्तीस वर्षांचा, अंगाने काटक, आणि पायात काही आलं की आधी उचलणार मग शिवी देणार. त्या दिवशी मालक साइट बघायला येणार होते. घाईघाईने तिसरा मजला आवरायचा होता. मधोमध प्लायचा एक तुकडा पडला होता, साधा, मळका, इतर कचऱ्यासारखाच. मेहुण्याने तो दोन्ही हातांनी उचलला, छातीसमोर उभा धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

प्लायखाली पाइपांसाठी सोडलेलं, माणूस जाईल एवढं भोक होतं. कुणीतरी ते झाकून ठेवलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. मेहुण्याने झाकण उचललं, आणि तेच झाकण डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याला भोक दिसलं नाही.

खालच्या मजल्यावर आपटून खुबा मोडला. वाचला, पण डावा पाय दीड इंच आखूड झाला. चौकशीच्या कागदावर लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. तो कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय आणि आजही आठवला की माझं डोकं तापतं. निष्काळजी? त्या मजल्यावर त्या दिवशी काळजी घेणारा तो एकटाच होता, म्हणून तर पडला. बाकीचे सगळे त्या प्लायला वळसा घालून गेले होते.

मुकादमांनी तो कागद वाचून घेतला. वाद घातला नाही. घरी आले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वीस वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलेली बाई. शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उचल हे तुम्ही शिकवलंत. काय उचलायचं नाही, ते कोण शिकवणार होतं?"

दवाखान्यातून मेहुणा बहिणीकडेच आला. घर दोन खोल्यांचं. आणि त्या दोन खोल्यांत तो मुकादमांशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं नाही. जे काही असेल ते बहिणीमार्फत. "ताई, दाजींना सांग पंखा कमी करा." दाजी पंख्याखाली, तो पंख्याखाली, आणि ताई आतल्या खोलीत. मुकादमही मग तिलाच सांगायचे, धाकट्याला सांग, औषध घे. सहा वर्षं हे चाललं. "माझं टपाल खातं झालंय," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "आणि रविवारची सुट्टीही नाही."

झाकणाची पाटी या घरातून निघाली. मुकादमांनी नियम केला, की मजल्यावर जिथे जिथे भोक सोडलंय तिथलं झाकण चारही कोपऱ्यांत ठोकून बसवायचं, लाल रंगवायचं आणि वर लिहायचं "धोका". काही उपयोग झाला नाही. साइटवर धोका हा शब्द कुठे नसतो? विजेच्या पेटीवर आहे, टाकीवर आहे, मिक्सरवर आहे. डोळ्याला त्याची सवय झाली आहे. त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, जे आहे तेच लिहा की. दाराला आपण धोका म्हणतो का? दार म्हणतो.

म्हणून आता त्यांच्या साइटवरच्या प्रत्येक झाकणावर लिहिलेलं असतं: "मी झाकण आहे. माझ्याखाली भोक आहे." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, खाली भोक जेवढं तेवढाच काळा चौकोन वर रंगवलेला. लोक पहिल्यांदा वाचतात तेव्हा हसतात. जो हसला तो विसरत नाही, एवढं साधं गणित आहे ते. जेवणाच्या सुट्टीत एक गवंडी घोरत पडला होता, तर बायांनी त्याच्या पाठीवर फक्कीने लिहून ठेवलं, मी झाकण आहे. तो संध्याकाळपर्यंत तसाच फिरला.

आणि "दिसलं की उचल" गेलं. त्याच्या जागी आलं: ठोक, बघ, मग उचल. जमिनीवर पडलेल्या कुठल्याही सपाट वस्तूला आधी दांड्याने ठोकायचं. आवाज पोकळ आला की हात लावायचा नाही, मुकादमांना हाक मारायची.

आता या वर्षीची गोष्ट. सात मजल्यांची इमारत, हाच मोटारसायकलवाला ठेकेदार. मुकादमांनी काम धरताना एकच अट घातली: मेहुण्याला गेटवर घ्यायचं. आलेला माल कुठे उतरवायचा ते सांगणारा माणूस लागतोच, आणि तो बसून करायचं काम आहे. सहा वर्षं त्याला कुणी दारात उभं केलं नव्हतं. साइटवर लंगडा माणूस म्हणजे उद्याची चौकशी, असं सगळ्यांचं म्हणणं. ठेकेदारानेही उलट अट घातली. हा एकदा जरी इथे अडखळून पडला, तर हा घरी.

म्हणजे त्या फक्कीच्या दोन रेघांवर आता मेहुण्याची भाकरी होती. गेटापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून जिन्यापर्यंत तो काठी टेकत दिवसातून वीस वेळा जायचा. मोकळी, सपाट वाट होती तोवर तो कामगार होता. वाटेत एक वीट पडली की पुन्हा अपघात. मुकादम रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती वाट स्वतः झाडायचे. मेहुणा त्यांना झाडताना बघायचा आणि बहिणीला निरोप द्यायचा, "दाजींना सांग, कोपरा राहिला."

चार महिने तो एकदाही अडखळला नाही. पाचवा स्लॅब टाकायचा दिवस आला.

मी त्या सकाळी कामगारांच्या नोंदणीचे अर्ज भरून घ्यायला तिथे गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काँक्रीटची पहिली गाडी दहाला येणार होती. आणि गेटातून आत बघितलं तर वाट गायब. आदल्या दिवशी सगळे घरी गेल्यावर ठेकेदाराने पुढच्या मजल्याच्या सळया आणून टाकल्या होत्या. बारा भारे, गेट आणि जिना यांच्या मधोमध, आडवे-तिडवे, काही सुटलेले. ट्रक रिकामा मिळाला म्हणून आणल्या, असं त्याचं म्हणणं. गेटवर तेवढा मेहुणा राहिला होता. त्याने सांगितलं होतं की जागा ठरलेली नाही. ठेकेदार म्हणाला होता, एका रात्रीत काय त्यांना पाय फुटतात?

सळयांना नाही फुटले. माणसांचे मात्र त्यांच्यावरून सटकत होते. बाया घमेली घेऊन त्या ढिगावरून चढत-उतरत होत्या. एकीचा पाय भाऱ्यात गेला, घमेलं सुटलं आणि तिच्या पुढचीच्या टाचेपाशी आपटलं. कुणाला लागलं नाही.

मुकादमांनी ते बघितलं. एक रिकामं घमेलं घेतलं, सळयांच्या मधोमध उलटं ठेवलं आणि त्याच्यावर बसले.

काम थांबलं. मी पुढे सरसावले, माझं तोंड उघडलंच होतं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता नुसता पंजा उचलला. मला गप्प करणारी माणसं फार नाहीत.

ठेकेदार आला. पांढरे बूट घातले होते, स्लॅबच्या दिवशी.

"उठा."

"वाट लागली की उठतो," मुकादम म्हणाले.

"तुम्ही उठला नाहीत तर माझी लागेल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेवढं झालं आणि ठेकेदाराचा पारा चढला. तो म्हणाला, "बसा मग. उद्यापासून घरीच बसा. आणि जाताना त्या गेटवरच्या लंगड्याला घेऊन जा."

स्वतःचं काम जाईल हे मुकादमांनी बसतानाच धरलेलं असणार. शेवटच्या वाक्याला मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मी त्यांना अर्धवट उठताना पाहिलं. हा माणूस, जो मालकासमोर उठला नसता, तो मेहुण्याच्या नोकरीसाठी उठत होता, सळया तिथेच राहू द्यायला तयार होत होता.

तेवढ्यात गेटाकडून काठीचा आवाज आला. मेहुणा सळयांच्या अलीकडच्या कडेला येऊन थांबला. पुढे त्याला येताच येत नव्हतं. त्याने दाजींकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. बहीण इथे नव्हती. त्याने इकडेतिकडे शोधलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"बाई," तो म्हणाला, "दाजींना सांगा, बसून राहा."

दोघांमध्ये दहा पावलंसुद्धा नव्हती. पण मी निमूट टपालपेटी झाले. म्हटलं, "मुकादम, तो म्हणतोय, बसून राहा."

मुकादम बसले.

मग मेहुणा ठेकेदाराकडे वळला. आवाज चढवला नाही. म्हणाला, की काँक्रीटचा पाइप गेटापासून जिन्याकडे इथूनच न्यायचा आहे, भिंतीवर कालच काढलेलं आहे. तो काय सळयांवरून नेणार? आणि गाडी आली की ती थांबत नाही, आतला माल घट्ट होतो. टाकीमागची जागा त्याने सकाळी सहाला येऊन मोकळी केली आहे, लाकडाचे ओंडके आडवे टाकले आहेत, म्हणजे सळया मातीत पडणार नाहीत आणि उचलताना खाली हातही घालता येईल. बारा भारे, चाळीस माणसं, तास सव्वा तास. आत्ता आठ वाजताहेत.

ठेकेदाराने जिन्याकडे बघितलं, गेटाकडे बघितलं, सळयांकडे बघितलं. पाइपाचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर असं उमटलं की मला वाचायला चष्मा लागला नाही. मग तो सळया बांधणाऱ्यांच्या म्होरक्याकडे वळला. याला सगळे पक्कड म्हणतात, कारण ती त्याच्या हातातून सुटत नाही.

"माझ्याकडे काय बघताय," पक्कड म्हणाला, "टाकल्या तुम्ही. पण खांद्यावर सळई घेऊन सळईवरून चालायला लावून मला माझी माणसं भंगारात घालायची नाहीत. चला रे, धरा."

चाळीसच्या चाळीस धरायला गेले. मेहुण्याने त्यांना थांबवलं. आधी सुटलेले भारे बांधून घ्यायला लावले. मग प्रत्येक भाऱ्याला माणसं लावली, सगळी एकाच बाजूला, म्हणजे टाकायची वेळ आली तर सगळ्यांनी एकदम टाकावा आणि कुणी पलीकडे चिरडला जाऊ नये. एक भारा पोचून टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. काठीने तो जागा दाखवत होता: हा भिंतीकडे, हा त्याच्या शेजारी, सुटा माल वरती. मी या माणसाला चार महिने गेटवरच्या स्टुलावर बसलेला बघत होते. उभा राहून चाळीस जणांना हलवताना पहिल्यांदा बघितला. आवाज अगदी दाजींचा. तेच थांबणं, तेच "टेकव, आता सोड."

मुकादम घमेल्यावर बसूनच होते. वाट लागेपर्यंत उठायचं नाही, असं सांगितलं होतं ना. त्यांच्याखालचा भारा शेवटी राहिला, तेव्हा त्यांनी घमेल्यासकट दोन हात सरकून जागा दिली.

त्या शेवटच्या भाऱ्याला एक माणूस कमी पडला. मी ठेकेदारांचं कौतुक करायला जन्मलेली नाही, पण खरं ते सांगते: ते टोक त्याने धरलं. पांढऱ्या बुटांसकट. टाकीमागे ठेवून परत येताना मुकादमांपाशी थांबला, बूट झटकले आणि दुसरीकडे बघत म्हणाला की उद्या दोघंही वेळेवर या. मुकादमांनी मान हलवली. आभार मानले नाहीत, आणि मला फार बरं वाटलं.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. जमिनीवर सळयांचे ओरखडे, फक्कीच्या रेघा पुसलेल्या. कुणीतरी झाडू मारला. मेहुण्याने फक्कीचा डबा मागून घेतला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा, गेटापासून जिन्यापर्यंत त्याने एक रेघ मारली आणि जिन्यापासून गेटापर्यंत दुसरी. दाजींच्या रेघा सुतासारख्या असतात. ह्याची रेघ त्याच्या चालीसारखी, दर पावलाला जराशी डावीकडे झुकणारी. पण आतली जागा कुठेही कमी नव्हती; मी मोजून बघितली.

डबा ठेवून तो वाटेवरून परत निघाला. या वेळी खाली न बघता. काठी टेकत आला आणि मुकादमांसमोर थांबला. मी माझ्या कामाला तयार होते. निरोप काय द्यायचा, त्याची वाट बघत होते.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"दाजी," तो म्हणाला, "उठा. वाट लागली."

मुकादम उठले. घमेलं सुलटं केलं, रेघेच्या बाहेर नेऊन ठेवलं. मेहुण्याच्या मागे एक पाऊल राहून जिन्याकडे चालू लागले, आणि चालता चालता म्हणाले, "कोपरा राहिलाय बघ."

"बघितलाय," मेहुणा म्हणाला, "तो तुमच्यासाठी ठेवलाय."